लाँड्रीसमोर उभा राहणारा माणूस

माझा मामा भित्रा होता आणि आमच्या घरात ही गोष्ट कोणी लपवून ठेवत नसे. तो लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. फोन वाजला की आधी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघायचा. माझी आई त्याची मोठी बहीण. ती म्हणायची, "हा पाळण्यातसुद्धा कडा घट्ट धरून झोपायचा."

अशा माणसाला नोकरी मात्र मनाजोगती मिळाली होती. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे तो डाग काढायचा. वरून चादरी, टेबलक्लॉथ, पाहुण्यांचे शर्ट खाली यायचे. मामा प्रत्येक डाग उजेडात धरायचा, वास घ्यायचा, बोटाने चाचपायचा आणि मग त्याला काय लावायचं ते ठरवायचा. गिऱ्हाइकाचं तोंड बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. इतकी वर्षं त्याने लोकांच्या कॉलरी आणि बाह्या पाहिल्या, आतली माणसं कधीच नाही.

मग हॉटेलवाल्यांनी तळघरातली लाँड्री बंद केली. कपडे गावाबाहेरच्या एका कारखान्यात जायला लागले आणि मामा घरी बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, खिडकीपाशी, हात मांडीवर ठेवून.

मामी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. दिवसभर घाबरलेली माणसं सांभाळायची तिला सवय होती. तिने त्याला महिनाभर बसू दिलं आणि मग म्हणाली, "तुमच्या हातात कला आहे. आपली छोटी लाँड्री काढू."

मागच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा होता. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. गाळ्याचा मालक गोड बोलणारा होता, महिनाअखेरीपर्यंत काय ते सांगा म्हणाला. अडचण एकच होती. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर आधीपासून एक लाँड्री होती.

"आधी चौकशी करायची," मामी म्हणाली. "त्या लाँड्रीत कोण येतं, का येतं, काय घेऊन येतं, कशावर कुरकुर करतं. लोकांना विचारा. त्याशिवाय गाळ्याला हात लावायचा नाही."

"विचारायचं म्हणजे? अनोळखी माणसाला?"

"ओळखीच्यांना विचारून काय उपयोग? ते सगळे छान छान म्हणतील."

धंदा बुडण्याची भीती मामाला होतीच, पण अनोळखी माणसासमोर उभं राहून तोंड उघडायची भीती त्याहून मोठी होती. त्याने स्वतःपुरती वाट काढली. विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या बरोब्बर समोर बसथांबा होता. मामा रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहू लागला. बस यायची, थांबायची, ड्रायव्हर त्याच्याकडे बघायचा, मामा चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायचा, बस निघून जायची. घरी आला की मामीला सांगायचा, आज जास्त करून शर्ट आले, एक कोट आला, एक बाई मोठं बोचकं घेऊन आत गेली आणि तेच बोचकं घेऊन बाहेर आली. मामी विचारायची, "का?" मामाला ते माहीत नसायचं.

"मग हे कळून काय फायदा?"

ते त्याला लागलं. मग त्याने दुसरी युक्ती काढली. कोपऱ्यावरच्या लाँड्रीला कुठला डाग निघत नाही ते कळलं, तर आपल्याला आपलं काम सापडेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने स्वतःचे जुने शर्ट मांडले आणि त्यांच्यावर डाग पाडायला सुरुवात केली. एकावर शाई, एकावर मशीनचं तेल, एकावर ओला खिळा ठेवून गंज. तेलाचा डबा उघडताना पत्रा बोटात घुसला आणि चौथा शर्ट रक्ताने भरला. मामी दवाखान्यातून आली तेव्हा तो बोट पाण्याखाली धरून उभा होता आणि त्या शर्टाकडे मोठ्या समाधानाने बघत होता.

"हा पण नेतो," म्हणाला. "रक्त कठीण असतं."

ते शर्ट घेऊन तो लाँड्रीत गेला. काउंटरमागे मालकीणबाई होत्या. उंच, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. त्या कामापुरतंच बोलायच्या. त्यांनी एकेक शर्ट उलगडला. शाई, तेल, गंज, प्रत्येक डागापाशी क्षणभर थांबल्या. चौथ्या शर्टावर चष्मा डोळ्यांना लावला.

"हे काय आहे?"

"रक्त."

"कोणाचं?"

"घरचंच," तो म्हणाला.

बाईंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि नाव विचारलं. आता स्वतःचं नाव सांगायला काय हरकत होती? पण त्या क्षणी त्याला वाटलं, उद्या आपण दुकान काढलं की या बाईंना हे नाव कळेल आणि त्या ओळखतील. म्हणून त्याने जे पहिलं तोंडात आलं ते नाव सांगून टाकलं. ते माझ्या बाबांचं होतं.

तिथून निघाला तो घाम पुसतच, आणि रस्त्यावर त्याला ती बोचकंवाली बाई दिसली. आजही तिने बोचकं आत नेलं होतं आणि तसंच परत आणलं होतं. मामाने हिंमत गोळा केली. हिला विचारूच. तो तिच्या मागे चालू लागला. तोंड उघडायला एक चांगली जागा यायची तो वाट बघत होता. आधी कोपरा येऊ दे, मग झाड येऊ दे, मग दिव्याचा खांब. बाईने एकदा मागे बघितलं आणि चाल वाढवली. मामाला वाटलं ही आता घरी पोचणार, म्हणून त्यानेही वाढवली. बाई जवळजवळ पळत एका औषधाच्या दुकानात शिरली.

मामा बाहेर थांबला. औषधवाला काउंटर सोडून पायरीवर आला.

"काय पाहिजे?"

"पडदे," मामा म्हणाला. त्या बोचक्यात पडदे होते हे त्याने केव्हाच ताडलं होतं. "म्हणजे पडद्यांबद्दल विचारायचं होतं. बाईंना."

"म्हणून त्यांच्या मागे दोन गल्ल्या आलात?"

आतून ती बाई भिंतीला पाठ लावून मामाकडे बघत होती. तिचा चेहरा मामाने नीट पाहिला. त्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या ओळखीचं होतं, आयुष्यभर आरशात पाहिलेलं. फक्त ते आज त्याच्यामुळे होतं. एक शब्द न बोलता तो वळला आणि घर येईपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. दारावर टकटक झाली की न्हाणीघरात जाऊन उभा राहायचा. बेल वाजली तरी पोलीस आले असं त्याला वाटायचं. मामीने ते सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "शर्ट आणायला हवेत," एवढंच म्हणाली. "नाही गेलात तर त्यांना जास्त संशय येईल."

तिला दवाखान्यातून सुट्टी मिळत नव्हती. मी तेव्हा नोकरी शोधत घरीच होते, म्हणून आईने मला मामाबरोबर पाठवलं.

दुपारची वेळ होती. लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. मामा म्हणाला, "बंद आहे, चल." पण आत दिवा दिसत होता. मी वाकून आत गेले आणि तो माझी ओढणी धरल्यासारखा माझ्या मागोमाग आला. आम्ही आत गेलो आणि आमच्यामागे शटर खडखडत पूर्ण खाली आलं.

शटरपाशी एक आडदांड माणूस उभा होता. तो बाईंचा भाऊ, मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्याचे हात दिसले. काउंटरच्या एका बाजूला तो औषधवालाही बसला होता.

"हाच का?" ड्रायव्हरने विचारलं.

"हाच," औषधवाला म्हणाला.

मामाने काउंटरची कड पकडली. मला ओरडावंसं वाटत होतं. आतल्या मशीनमध्ये पाण्याचा घुर्र घुर्र आवाज चालू होता. आपण ओरडलो तरी बाहेर काही ऐकू जाणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

बाईंनी चारही शर्ट घडी करून काउंटरवर ठेवले. ठेवताना त्यांचे हात थरथरत होते. मला ते विचित्र वाटलं. शटर त्यांचं होतं, माणसं त्यांची होती, मग हात का कापत होते?

"तुम्ही दिलेल्या नावाची मी चौकशी केली," त्या मामाला म्हणाल्या. "त्या नावाचे गृहस्थ पलीकडच्या गल्लीत राहतात. उंच आहेत, त्यांना मिशा आहेत. त्यांचा कोट दर थंडीत माझ्याकडे येतो. ते तुम्ही नाही."

मामा काउंटरवरच्या शर्टांकडे बघू लागला.

"रोज समोर उभे राहता आणि बसमध्ये चढत नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या मागे जाता. रक्ताने भरलेला शर्ट आणून माझ्या पुढ्यात टाकता आणि घरचंच आहे म्हणता. मला कळलं ते. आता एवढंच सांगा, मालकाने पाठवलंय ना तुम्हाला?"

"कुठल्या मालकाने?" मामाने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की ड्रायव्हर पुढे झुकला.

"नाटक पुरे," ड्रायव्हर म्हणाला. "मागच्या वेळचे दोघं पण त्याच थांब्यावर उभे राहायचे. मग पाण्याचा पाइप तुटला. मग काच फुटली. या वेळी काय करणार आहात?"

तेव्हा कुठे मला उमगलं. बाईंना वाटत होतं की त्यांच्याकडून जागा खाली करून घ्यायला कोणीतरी गुंड पाठवलाय. आणि तो गुंड म्हणजे माझा मामा, जो लिफ्टमध्ये एकटा चढत नाही.

"मामा, सांग ना," मी म्हणाले.

मामाने डोळे मिटले. "मला लाँड्री काढायचीय," तो म्हणाला. "इथेच, झेरॉक्सच्या गाळ्यात. तुमच्याकडे कोण येतं ते बघत होतो. ते डाग मीच पाडले. तुम्हाला कुठला निघत नाही ते बघायला. रक्त माझंच आहे." आणि त्याने पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

औषधवाल्याने ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरने बहिणीकडे. त्याचा विश्वास बसलेला नव्हता.

"रेशमी कपड्यावर तेल सांडलं तर काय करता?" बाईंनी एकदम विचारलं.

"पावडर टाकायची. पाणी अजिबात नाही. पावडरने तेल ओढून घेतलं की ती झटकायची, मग पुढचं." हे सांगताना मामाचा आवाज पहिल्यांदा नेहमीसारखा लागला.

बाई मागच्या स्टुलावर बसल्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. "तो रक्ताचा शर्ट आला त्या दिवसापासून मी दुकानात एकटी थांबले नाही," त्या म्हणाल्या. "या भावाच्या ट्रकच्या दोन खेपा बुडाल्या. रात्री डोळ्याला डोळा नाही. सरळ येऊन विचारायचं होतंत."

"भीती वाटत होती."

"कसली?"

"तुमची," मामा म्हणाला.

ड्रायव्हरने शटर वर केलं. ऊन आत आलं. मी मामाचा दंड धरला, आता निघायचंच होतं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तो गाळा घेऊ नका. त्या गाळ्याचा आणि माझा मालक एकच आहे. आधी गोड बोलतो. दुकान चालायला लागलं की भाडं वाढवून मागतो, नाही दिलं की पाणी तोडतो."

घरी आल्यावर मामीने हे सगळं ऐकून घेतलं. आईचं म्हणणं पडलं की बाई बरोबर सांगताहेत. मामी म्हणाली, "असेल. पण त्याच रस्त्यावर दुसरी लाँड्री उघडू नये असं त्यांना वाटणारच. त्यांच्या तोंडचं आहे म्हणून खरं धरायचं नाही आणि खोटंही धरायचं नाही."

झेरॉक्सवाल्याचा पत्ता लावायला आठवडा गेला. तो आता दुसऱ्याच भागात एका स्टेशनरीच्या दुकानात नोकरीला होता. मामी मामाला घेऊन गेली, पण दुकानाच्या दारात थांबली. "तुम्ही विचारा," म्हणाली. मामा आत गेला. नंतर तिने सांगितलं, तो आधी दोनदा मागे वळून तिच्याकडे बघत होता. पण त्याने विचारलं. या वेळी आधी स्वतःचं खरं नाव सांगितलं, मग आपण कोण आणि कशाला आलोय ते सांगितलं.

झेरॉक्सवाल्याने आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मला विचारलंत म्हणून कोणाला सांगू नका. तुम्हाला पाणी लागतं, तर तो पाणी तोडेल. माझ्याकडे तो वीज तोडायचा."

मामाने गाळ्याला नाही म्हणून सांगितलं. मालकाला ते सांगायला मात्र तो गेला नाही, मामी गेली. मालक तेव्हाही गोडच बोलला, पण निघताना म्हणाला, "तुम्हाला कोणी काही सांगितलं का?" मामी म्हणाली, "नाही हो, यांना जिने चढवत नाहीत." गाळा तळमजल्यावर होता. मालक तिच्याकडे बघत राहिला. ती भराभर चालत घरी आली आणि दाराला आतून कडी लावली. मामीला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बोचकंवाल्या बाईची माफी मागायची राहिली होती. औषधवाल्याने पत्ता द्यायला साफ नकार दिला, ते बरोबरच होतं, पण तिला निरोप देतो म्हणाला. तिने बोलावलं ते औषधाच्या दुकानातच, औषधवाल्यासमोर. मामा, मामी आणि मी गेलो. मामा तिच्यापासून चांगला लांब उभा राहिला आणि म्हणाला, "माझं चुकलं. तुम्ही का पळताय ते मला कळायला हवं होतं." मग तिनेच विचारलं, "पडद्यांचं काय विचारायचं होतं?"

"तुम्ही ते नेता आणि परत आणता."

"त्या घेतच नाहीत. मशीन लहान आहे म्हणतात. मी दर वेळी म्हणते या वेळी तरी घ्या. घरच्या मशीनमध्ये ते मावत नाहीत आणि हाताने पिळवत नाहीत."

मग मामीने पुढचं काम अंगावर घेतलं. दवाखान्यात बसलेल्या पेशंटांना ती विचारू लागली. तुम्ही पडदे धुवायला द्याल का, असं विचारायची नाही. तसं विचारलं की सगळे हो म्हणतात, विशेषतः दात दुखत असताना. ती विचारायची, "मागच्या खेपेला तुमचे पडदे, रजया, सोफ्याची कव्हरं कुठे धुतलीत?" बहुतेकांना ते आठवायचंच नाही. काही ओशाळून म्हणायचे, धुतलेच नाहीत. मामाला हे ऐकून धडकी भरायची. "म्हणजे लोकांना मळलेलं चालतंय," तो म्हणायचा. "कोण येणार आपल्याकडे?" एखादं काम कोणीच करत नाही, ते कोणाला नकोय म्हणून की कोणाला जमत नाही म्हणून, हे बाहेरून बघून कळत नाही. त्या दोघांनी कितीतरी दिवस जेवताना हाच विषय काढला आणि दर वेळी ताट अर्धं टाकून उठले.

शेवटी त्यांनी एका बंद पडलेल्या गॅरेजची जागा घेतली. जुनं मोठं मशीन त्या ड्रायव्हरने त्याच्या ओळखीतून मिळवून दिलं आणि ट्रकवर घालून आणलंही. उतरवताना मामाकडे बघून म्हणाला, "रक्ताचे कपडे नका घेऊ हो." मामा घाबरून म्हणाला, "नाही नाही." ती चेष्टा होती हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

पहिले काही महिने वाईट गेले. लोक पाटी वाचून पुढे जायचे. मामा आतून बघायचा आणि कोणी थांबलं की मागच्या खोलीत जायचा, मग गिऱ्हाइकासमोरून पळायचं नाही, हे मामीचं सांगणं आठवून परत यायचा. हळूहळू पडदे यायला लागले, मग रजया, मग एका छोट्या वसतिगृहाच्या सगळ्या गाद्यांच्या खोळी. काही गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या लाँड्रीतल्या बाईंनी पाठवलेली असायची. त्या स्वतः कधी आल्या नाहीत आणि मामानेही कधी आभार मानायला जायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या वर्षी मालकाने बाईंचं पाणी पुन्हा तोडलं. या वेळी ते परत आलं नाही आणि बाई कोर्टात गेल्या. एका सकाळी ड्रायव्हर गॅरेजसमोर ट्रक लावून उतरला. मागे गठ्ठेच्या गठ्ठे होते.

"ताईने विचारलंय," तो म्हणाला, "कोर्टातून काही होईपर्यंत तुमच्या मशीनवर कपडे धुता येतील का. नाही म्हणालात तरी राग नाही. मालकाला कळलं तर तो तुमच्याकडेही माणसं पाठवेल, हे तिने मुद्दाम सांगायला सांगितलंय."

मी त्या दिवशी तिथेच होते. मामाने रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मामी दवाखान्यात होती, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली, कारण मलाही भीती वाटत होती.

"रंगीत आणि पांढरे वेगळे केलेत का?" मामाने विचारलं.

"केलेत."

"मग आत आणा. मागच्या दाराने आणा."

ड्रायव्हर गठ्ठे आणू लागला. मामाने पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि कडी नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग ग्लासभर पाणी प्यायला, बाह्या वर केल्या आणि पहिला गठ्ठा सोडायला बसला. गाठ सुटेना. मी शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली.